प्राप्तिस्थान

विभागाच्या बागेत, पंपाच्या खोलीमागे
ते एकच झाड होतं खर्नूबाचं.
कुणी लावलं, कधी, नोंदवहीत सापडलं नाही;
ते पान फाटलेलं, उरलेल्यावर पंपाचं तेल.
चिंचेच्या नात्यातलं, पण पानं चामड्याची,
टोकाशी दबलेली,
जणू कुणी अंगठा ठेवला आणि उचलायला विसरला.

नवरात्रात ते फुलायचं.
शेंड्याला नाही. जुन्या खोडातूनच,
मी सायकल टेकवायची नेमकं तिथून,
बिनपाकळ्यांचे, तांबूस, बोटभर तुरे.
वास असा की धोळकियासाहेब रुमाल काढत
आणि वर्णनात लिहीत : गंध विशिष्ट.
कशासारखा, ते मलाही कळत होतं.
मराठी प्रतीत मीही 'विशिष्ट' एवढंच उतरवलं.

झाड नर.
भिंगाखाली पुंकेसर मोजले, पाच.
दुसऱ्या फुलात पाच. संध्याकाळपर्यंत पाचच.
शेंग धरणार नव्हती, कधीच.
आणि फलक तर पुरा हवा होता :
पान, फूल, फळ, बी, एकाच कागदावर.

म्हणून मांडवीत गेले.
शब्बीरभाई हरडेवाल्यांनी बरणीत कोपरापर्यंत हात घातला.
"बेन, आ शामी खर्नूब. पेट माटे सारुं."
नऊ रुपये पाव.
पुडीत सात शेंगा, कुठल्या समुद्रापलीकडच्या,
जुन्या चपलेच्या पट्ट्यासारख्या काळपट,
हलवल्या की आत कुणी दार वाजवल्यासारखं.

ह्याच बियांनी पूर्वी हिरे जोखत, ते म्हणाले,
सगळ्या एका वजनाच्या, खुदाची करामत.
मी विभागाच्या काट्यावर दहा ठेवून पाहिल्या.
दहाच्या दहा वेगळ्या.
आमच्या सोनाराच्या गुंजाही अशाच असतील;
कुणी फसवत नव्हतं,
डोळ्यांना सारखं दिसलं की माणसाला बरं वाटतं, इतकंच.

शेंगेचा तपकिरी जमायला चार दिवस गेले.
अंबरमध्ये थोडा निळा. मग किंचित किरमिजी.
मग, सांगू नये, पण कॅन्टीनचा चहा.
कडेवरच्या चकाकीला रंग नसतो.
तिच्यासाठी कागद कोरा सोडायचा
आणि ब्रश अलीकडेच थांबवायचा.

पाचव्या दिवशी हात चुकला, की मी चुकू दिला,
ती शेंग मी आमच्याच फांदीला लावली.
पंपामागच्या त्या नराच्या फांदीला, तुऱ्यांशेजारी.
देठ इतका नीट बसला
की खुर्ची मागे सारून बघत राहिले.

साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"पोतनीसबाई, हे निसर्गात नाही."
"नाही," मी म्हटलं. "कागदावर तरी..."
आणि पुढचं वाक्य सुचलं नाही.

जलरंग पुसला जात नाही.
ब्लेडनं खरवडावा लागतो,
कागदाचा एकेक तंतू, श्वास धरून.
दीड तासात देठ निघाला.
शेंग होती तिथेच राहिली,
फांदीपासून दोन बोटं लांब, अधांतरी,
आणि तिचं नाव झालं आकृती तीन.
फलक खिडकीशी धरला तर अजून दिसतो
केसाएवढा देठ,
उजेडाचा.

उरलेल्या सहा शेंगा
माळी कानजीभाई आणि मी, पंपाच्या ओट्यावर बसून खाल्ल्या.
चिंचेनं एक दिवस आंबटपणाची रजा टाकली
तर लागेल, तशा.
बिया कानजीभाईनं झाडाच्या बुंध्याशीच थुंकल्या
आणि वर बघून म्हणाला, ले.

फलकाच्या तळाशी प्राप्तिस्थान लिहायचं असतं, नियमच आहे.
मी लिहिलं :
फूल, विभागाची बाग, बडोदे.
फळ, मांडवी, शब्बीरभाई, नऊ रुपये पाव.
साहेबांनी दुसरी ओळ खोडली.
पण पेन्सिलीनं.
पेन्सिल पुसता येते.